झाडाखालची माती घेऊ नये

मातीपरीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, याचे एक छोटे पत्रक मिळते. शेतात नागमोडी चालत जावे, दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि असे करत करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरावी. शेवटी सूचना असते: बांधाजवळची, विहिरीजवळची, खताच्या ढिगाजवळची, गुरे बसतात तिथली आणि झाडाखालची माती घेऊ नये.

सूचना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. शेताची सरासरी काढायची तर एका झाडाखालची कसदार माती मिसळून हिशेब फुगवण्यात अर्थ नसतो. पण याच सूचनेमुळे झाड मातीला काय देते, हे त्या कागदावर कधीच उमटत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचे ठरले. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आमच्या मुळशी तालुक्यात पंचवीस एकरांत पंधरा-वीस खातेदार सहज निघतात, आणि जमिनीच्या तीन-चार तऱ्हाही.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन पिशव्या भरल्या. एक पत्रकाप्रमाणे, वावराच्या मधली. दुसरी पत्रक मोडून, वरच्या बांधावरच्या ऐनाखालची. पिशव्यांवर नुसते क्रमांक घातले. आपल्याकडे सेंद्रिय कर्बाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: ०.२० टक्क्यांपर्यंत अत्यंत कमी, ०.४० पर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम, आणि असे चढत चढत १ टक्क्याच्या वर गेले की अत्यंत जास्त. निकाल आला तेव्हा पहिल्या पिशवीपुढे ‘कमी’ लिहिले होते आणि दुसरीपुढे सगळ्यात वरच्या पायरीचा शेरा होता. दोन पिशव्यांच्या जागांमध्ये अंतर चाळीस पावलांचे.

मी शेतीशास्त्र शिकलेलो नाही. पिरंगुटच्या एका कारखान्यात भांडार विभागात सत्तावीस वर्षे आवक-जावक सांभाळली. नोंदवही वाचायची आणि तिच्यात काय लिहिलेले नाही ते हुडकायचे, ही खोड तिथलीच. पुढे ती जुन्या अहवालांकडे आणि गॅझेटिअरांकडे वळली एवढेच. या दोन पिशव्यांच्या मागे लागण्याचे कारण मात्र घरगुती आहे. आमच्या सामाईक बांधावर नऊ ऐन आहेत. झाडे लावली की मातीत आणि खोडात साठणाऱ्या कर्बाचे पैसे मिळवून देतो, असे सांगणारा एका कंपनीचा माणूस आमच्याकडे येऊन गेला. चुलतभाऊ आबाने त्याला बांध दाखवला. तो म्हणाला, ही झाडे धरता येत नाहीत. ही आधीपासूनचीच आहेत, नवीन लावाल ती मोजू. त्याच्या धंद्याच्या नियमाने ते बरोबरच आहे. जे होणारच होते किंवा झालेलेच आहे, त्याचे पैसे कोण देणार? पण आबाच्या डोक्यात लगेच दुसरा हिशेब सुरू झाला. जुनी नऊ काढली तर लाकडाचे पैसे, आणि त्याच जागी नवी दोनशे लावली तर कर्बाचे.

ऐन हे महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतले झाड आहे. स्वतःच्या मालकीचे असले तरी तोडायला परवानगी लागते. आबाने अर्ज आणून ठेवला आहे. त्यावर त्याची सही लागेल आणि माझीही.

तेव्हा हे नऊ ऐन तिथे आले कसे आणि इतकी वर्षे करत काय होते, हे पाहणे भाग पडले.

मुळशी आणि कोरडवाहू हे शब्द एकत्र ऐकून पुण्याचे मित्र हसतात. ताम्हिणीला काही हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तिथे कसली कोरडवाहू शेती? पण कोरडवाहू म्हणजे पाऊस कमी असे नव्हे. जिला आभाळाशिवाय दुसरे पाणी नाही ती जिरायत. आमचा पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरात जातो. मग सात-आठ महिने मातीला थेंब दिसत नाही. उतारावरची तांबडी, मुरमाड, वीतभर माती तेवढ्यात भाजून निघते. शिवाय तालुका सगळा सारखा नाही. पश्चिमेच्या घाटमाथ्यावरून पूर्वेला माण-हिंजवडीकडे यावे तसा पाऊस झपाट्याने उतरत जातो आणि पुढे पुणे शहरात सातशे-साडेसातशे मिलीमीटरवर येतो. या पन्नासेक किलोमीटरांत भातखाचर, वरकस आणि दख्खनची काळी जिरायत अशी तिन्ही शेते भेटतात. वरकस म्हणजे डोंगरउताराची जमीन. दोन-तीन वर्षे नाचणी, वरई, कारळा असे करायचे आणि मग ती काही वर्षे पड टाकायची. सरकारदप्तरी तिला सारा अगदी थोडा, कारण उत्पन्न थोडे. दप्तराच्या दृष्टीने ती जवळजवळ नसल्यातच जमा होती.

आणि तिच्यावरच झाडे होती: ऐन, किंजळ, हेदू, जांभूळ.

त्या झाडांचे काम होते राब. आजच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागेल. आमच्या घरातला शेवटचा राब माझ्या लहानपणी भाजला गेला, त्यालाही आता चाळीस वर्षे उलटली. माघ-फाल्गुनात झाडावर चढून कोयत्याने टहाळ तोडायचा. शेंडा राखायचा, मुख्य फांद्यांचे बुंधे राखायचे आणि मधला पाला-काटक्यांचा भार उतरवायचा. तो उन्हात वाळला की भारे करून खाली आणायचे. ज्या तुकड्यात भाताचे रोप टाकायचे तिथे आधी वाळल्या शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा हात. वैशाखात, वारा पडलेल्या वेळी, वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा. ज्वाळा उठली तर चूक झाली. रात्रभर तो थर धुमसत राहिला पाहिजे. पहिल्या पावसात त्या काळ्या-तांबूस मातीत दाढ पेरायची आणि महिन्याभराने रोप उपटून लावणीला न्यायचे.

‘जाळायचा का राब?’ असे मी लहानपणी विचारले की नाना, म्हणजे माझे चुलते, चिडत. ‘आरं, राब जाळत न्हाईत, भाजत्यात.’ मला तो शब्दांचा खेळ वाटे. भाकरी भाजतात, सरपण जाळतात, एवढाच फरक मला कळत होता. तो फरक किती मोठा आहे ते मला पुढे एका इंग्रजी निबंधाने दाखवले. त्याकडे मी येतोच.

झाड आणि वावर यांच्यातल्या या देण्याघेण्यावर पहिली मोठी कुऱ्हाड पडली ती कायद्याची. १८७८च्या वन कायद्यानंतर सह्याद्रीच्या डोंगरांवर राखीव जंगलांच्या सीमा पक्क्या होऊ लागल्या. वन खात्याच्या नोंदवहीत झाड म्हणजे लाकूड. इमारतीचे किती, जळाऊ किती, आणि पुढच्या तोडीपर्यंत किती वर्षे. दरवर्षी कोयत्याने छाटला जाणारा, वेडावाकडा वाढलेला ऐन त्या नोंदीत नुकसान म्हणून दिसायचा. शेतकरी म्हणायचा, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर सारा कुठून देऊ? ठाणे-कुलाब्यात ही तक्रार इतकी तापली की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्याच सुमारास कृषी खात्याच्या ओझॅन यांनी राबाचे प्रयोग करून पाहिले. राबाशिवाय, नुसत्या शेणाने, नुसत्या पाल्याने रोप कसे येते, याची ती पडताळणी होती. म्हणजे आधी गुन्हा ठरवला गेला आणि मग त्याची तपासणी झाली.

या वादाच्या ऐन मध्यावर पुण्यात एक माणूस शेतकऱ्याच्या बाजूने, मराठीत लिहीत होता. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. तो आपण ब्राह्मणशाहीवरचा आणि नोकरशाहीवरचा आसूड म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात माती वाहून जाण्याचा आणि डोंगराचा पाला-पाचोळा शेतात उतरण्याचा विचार आहे, तो मला आमच्या बांधासाठी फार मोलाचा वाटला. फुल्यांचे म्हणणे असे, की डोंगरावरच्या झाडांची पाने-फुले आणि मेलेल्या जीवांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येत असे. ते थांबले तशी जमीन नापीक होऊ लागली. यावर उपाय म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालून ते पाणी शेतात मुरवावे, आणि पोलीस-पलटणींच्या रिकाम्या हातांना हे काम द्यावे, असेही त्यांनी सुचवले. फुल्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. पाणी आणि माती उतारावर कशी वागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कर्ब हा शब्द त्यांच्याकडे नव्हता, पण डोंगराच्या झाडापासून वावराच्या कसापर्यंतचा रस्ता त्यांनी अचूक आखला होता.

सरकारने मात्र विलायतेहून तज्ज्ञ आणला. जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, वर्षभर फिरले आणि त्यांचा हिंदी शेतीच्या सुधारणेवरचा अहवाल १८९३ साली निघाला. तो वाचताना मी थोडा सावध होतो. पण या गृहस्थांनी हिंदी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. शेण चुलीत जाते ते शेतकऱ्याच्या मूर्खपणाने नव्हे, जळण मिळत नाही म्हणून, हे त्यांनी नेमके ओळखले आणि गावांजवळ सरपण-चाऱ्याची राने राखा, असे सरकारला सांगितले. म्हणजे झाड शेताला दोन वाटांनी पोसते: एकदा स्वतःच्या पाल्याने, आणि दुसऱ्यांदा चुलीत जळून, शेण वाचवून. ही दुसरी वाट आजच्या कर्बाच्या हिशेबातही बहुधा सुटते.

आता तो इंग्रजी निबंध. पुण्याच्या शेतकी कॉलेजात १९०७ साली हॅरल्ड मॅन मुख्याध्यापक म्हणून आले. मराठी वाचकाला ते ‘दख्खनच्या खेड्यातील जमीन आणि मजूर’ या विषयावरच्या पुस्तकामुळे माहीत असतील; मुळात ते रसायनशास्त्रज्ञ, आसामच्या चहामळ्यांतून आलेले. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर १९१२ साली पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. राबाने रोप जोमदार येते हे खरे, पण कशाने? राखेतल्या क्षारांनी, की आणखी कशाने? राख ही वस्तू असते, ती तोलता येते. म्हणून सगळे तिच्याकडेच बोट दाखवत. या तिघांनी राख आणि उष्णता वेगवेगळी करून पाहिली. त्यांचा कौल उष्णतेकडे झुकला. माती तापली की तिच्यातले सेंद्रिय द्रव्य विरघळण्याजोगे होते, रोपाला ते लगेच लागू पडते, आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांची उलथापालथ होते. विलायतेत रोदॅमस्टेड इथे त्याच काळात माती तापवून तिचे अर्धवट निर्जंतुकीकरण केले तर पीक का सुधारते, यावर संशोधन चालले होते. मावळातला वैशाखातला विस्तव त्या आधुनिक प्रश्नाशी जाऊन भिडला.

मी तो निबंध वाचून घरी आलो आणि नानांना सांगितले की साहेबाने सिद्ध केले, राख महत्त्वाची नाही, माती तापणे महत्त्वाचे. नाना तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. म्हणाले, ‘मंग मी येगळं काय सांगत हुतो? भाजत्यात.’ जाळले की राख उरते. भाजले की ज्याला आच लागली ते बदलते. भाषेने क्रियापद निवडतानाच हा फरक केला होता.

राबाचे मी गोडवे गाणार नाही. टहाळातला बहुतेक कर्ब धूर होऊन आभाळात जायचा. मातीत राहायचा तो थोडासा कोळसा. शिवाय जो पाला तोडून नेला तो वरकसावर गळत नसे. उताराचे घेऊन खाचराला देणे, असा तो व्यवहार होता. लोक वाढले, जंगल बंद झाले, तसा मालकीच्या ऐनांवरचा कोयता लवकर लवकर फिरू लागला आणि उतार उघडे पडले. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. छाटलेला ऐन मरत नाही. वरचा भार उतरला की तो खाली आपली बारीक मुळेही टाकून देतो, पुन्हा पालवतो आणि नवी मुळे काढतो. ही टाकलेली मुळे जागच्या जागी कुजतात. वरून पाला नेला तरी खालून मातीला हप्ता मिळत राहतो. फांद्यांची बेरीज करणाऱ्या कुणालाही हे दिसत नाही, कारण ते जमिनीखाली चालते.

या कथेतली खाचरे पुढे गेली कुठे, हे मुळशीकरांना सांगावे लागत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या विजेच्या धरणाने पन्नासच्या वर गावांची भाताची जमीन बुडणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखी माणसे तुरुंगात गेली, धरण झालेच. पिढ्यान्‌पिढ्या डोंगराचा पाला उतरवून पोसलेली खोऱ्यातली माती पाण्याखाली गेली. वर राहिले ते उतार, आणि कितीतरी कुटुंबांना त्या उतारांवरच नव्याने घरे बांधावी लागली. त्या लढ्याचे राजकारण आपण शंभर वर्षे लिहीत आलो. मातीचे कुणी फारसे लिहिले नाही.

राब निबंधातल्या कानिटकरांचा माग काढताना मात्र मला एक आश्चर्य सापडले. हेच कानिटकर पुढे दख्खनच्या कोरडवाहू शेतीचे मोठे संशोधक झाले. १९३३च्या सुमाराला अखिल हिंदुस्थान पातळीवर कोरडवाहू संशोधनाची योजना सुरू झाली, तिची केंद्रे सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक इथे होती. सोलापूरच्या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून जी शिफारस निघाली ती अशी: समतल बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, कुळवाच्या पाळ्या देऊन ओल जपा, ज्वारी विरळ पेरा, वरचेवर कोळपा, शेणखत द्या. कानिटकरांचे हिंदुस्थानातील कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक १९४४ साली आले.

म्हणजे ज्या माणसाने तरुणपणी मावळात ऐनाच्या टहाळाचा मातीवरचा परिणाम तपासला, त्यानेच पुढे सोलापुरात पाण्याचा थेंब आणि मातीचा कण मोजला. आणि त्या शिफारशीत झाड नाही. मी बराच वेळ यावर अडून बसलो होतो. दोष द्यावा असे त्यात काही नाही. सोलापूरला रब्बी ज्वारी जगते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. बांधावरची बाभूळ किंवा लिंब त्याच ओलीत तोंड घालते. झाडाच्या सावलीतल्या चार तासांत कणीस भरत नाही, हे कुठलाही शेतकरी सांगेल. दुष्काळाच्या तोंडाशी उभे राहून संशोधन करणाऱ्या माणसाला आधी पाणी दिसणार. पण त्या दिवसापासून आपल्या जिरायतीच्या विचारात माती हे पाणी साठवायचे भांडे झाले, आणि ते भांडे कशाचे बनते हा प्रश्न मागे पडला. ओल धरून ठेवते तीही शेवटी सेंद्रिय द्रव्याने चिकटलेली कणीदार माती.

दख्खनचा शेतकरी झाडाविना कधीच नव्हता. हिवर, बाभूळ, बोर, शमी ही झाडे त्याच्या शेतात अधूनमधून उभी असत. बाभळीच्या शेंगांसाठी धनगर मेंढ्या बसवीत आणि लेंड्या शेतात राहत. बाभळीसारखे झाड हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरते, तिची मुळे ज्वारीच्या पट्ट्याखाली खोल जातात आणि तिथून वर आणलेले अन्न पानांबरोबर वरच्या थरात पडते. राजस्थानात शमीच्याच जातीचे खेजडी हे झाड शेतात राखून खाली बाजरी घेतात, आणि जोधपूरच्या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने त्याखालची माती जास्त कसदार असल्याचे दाखवले आहे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात अशीच एक बाभळीच्या कुळातली जात आहे. ती तर पावसाळ्यात पाने टाकते आणि उन्हाळ्यात हिरवी होते. त्यामुळे पिकावर सावली पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

झाडाखाली कर्ब का वाढतो, याचे उत्तर नुसते पानगळीत नाही. उघड्या शेतात मे महिन्यात वरच्या मातीचे तापमान चढते तेव्हा पहिल्या पावसाबरोबर सूक्ष्मजीव भराभर सेंद्रिय द्रव्य खाऊन टाकतात. सावलीत हा खर्च कमी होतो. नांगर झाडाच्या बुंध्याशी जात नाही, म्हणून मातीच्या कणांत दडलेला कर्ब उघडा पडत नाही. आणि मुळांवाटे आलेला कर्ब पाल्याच्या कर्बापेक्षा जास्त टिकतो, कारण तो मातीच्या कुशीतच तयार होतो आणि चिकणमातीच्या कणांना धरून बसतो. आमच्याकडच्या पिशवीत माती येते ती वरच्या वीतभरातली. झाडाचा कर्ब त्याखाली हात-दोन हात उतरलेला असतो.

यात पुन्हा आमच्या राबाच्या कोळशाची एक गंमत आहे. सेंद्रिय कर्ब मोजायची जी पद्धत प्रयोगशाळांत सर्रास वापरतात ती वॉक्ली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ साली रोदॅमस्टेडला बसवली. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचे. दोघांच्या मिश्रणाच्या उष्णतेने जेवढा कर्ब जळेल तेवढा मोजायचा. सगळा जळत नाही, सुमारे ७७ टक्के धरतात आणि आकडा १.३ ने गुणतात. पण कोळसा या आचेला दाद देत नाही. तो मोजला जाऊ नये हा त्या पद्धतीचा गुणच मानला गेला, कारण कारखान्यांच्या धुराची काजळी आणि दगडी कोळशाची भुकटी इंग्लंडच्या मातीत होती आणि ती मातीचा कस नव्हे. मावळातल्या राबाच्या तुकड्यातला कोळसा मात्र शेतकऱ्यानेच शे-दोनशे वर्षे भाजून ठेवलेला. अॅमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या वसत्यांनी कोळसा मिसळून तयार केलेली काळी माती आज जगभर अभ्यासली जाते. आमची काळी माती प्रयोगशाळेच्या गंधकाम्लातून न मोजता निघून जाते.

स्वातंत्र्यानंतर झाड शेतात परत आले, पण वेगवेगळ्या नावांनी. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफने सुबाभळीचा प्रसार केला, मुख्यतः चाऱ्यासाठी. पुरंदरात विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचे काम केले तेव्हा माथ्यावर झाडे आणि खाली शेत असाच क्रम ठेवला. आणि सोलापूरलाच, कोरडवाहू केंद्रावर, रब्बी ज्वारीत निम्मा नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मा युरियातून द्यायचा दीर्घकालीन प्रयोग वीस वर्षांहून अधिक चालला. जिथे सेंद्रिय काहीच घातले नाही तिथे मातीतला कर्ब घटत गेला; जिथे पाला पडत राहिला तिथे तो सावरला आणि ज्वारीही चांगली आली. कानिटकरांच्या सोलापुरात अर्धशतकाने टहाळ परत पोहोचला, असे म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की आता तो भाजायचा नव्हता, मातीत गाडायचा होता.

पॅरिसच्या २०१५च्या हवामान परिषदेत फ्रान्सने जगातल्या मातीचा कर्ब दरवर्षी हजारी चारने वाढवण्याचा संकल्प मांडला, त्यानंतर कर्ब हा शब्द आमच्या चावडीपर्यंत आला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ साली, भारताने कृषिवनशेतीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले होते. शेतातल्या झाडाला सरकारी कागदावर शेतीचा भाग म्हणून जागा मिळाली ती तेव्हा.

गेल्या महिन्यात मी तिसरी पिशवी भरली. राबाचा जुना तुकडा घराच्या खालच्या अंगाला आहे. चाळीस वर्षांत तिथे विस्तव लागलेला नाही. वीतभर खणल्यावर माती अजून काळपट लागते. चाळणीतून गाळली तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढे कोळशाचे खडे निघाले, बोटांनी दाबले तरी न फुटणारे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला मी ते दाखवले. त्याने एक खडा नखाने खरवडून पाहिला आणि सांगितले, हे आमच्या निकालात येणार नाही. मोजायचे असेल तर माती भट्टीत पूर्ण जाळून कर्ब काढणारे यंत्र लागेल, ते इथे नाही. पिशवी त्याने ठेवून घेतली. निकालात ‘मध्यम’ आले.

बांधावरच्या नऊ ऐनांचे घेर मी दोरीने मोजले आणि वहीत लिहून ठेवले. नऊपैकी सात ऐनांवर, माणसाच्या हाताला पोहोचेल त्याच्या थोडे वर, कोयत्याच्या जुन्या गाठी आहेत. एकेका झाडावर पाच-सहा, साल वरून भरून आलेली. उरलेले दोन सरळ वाढलेले आहेत, म्हणजे राब बंद झाल्यानंतरचे असावेत. गाठींची जागा आणि संख्याही मी नोंदली. कंपनीचा माणूस दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. अर्जावर आबाची सही झाली आहे, माझी बाकी आहे. वही त्याने मागून नेली, ती अजून त्याच्याकडेच आहे.